शिकार नबाबाची, राखण आपली

(जिल्हा मेळाव्यातील भाषण)



कापूस-ज्वारीच्या मेळाव्यात आज मी रायगडच्या किनाऱ्याची गोष्ट सांगणार आहे. कुणी म्हणेल, याला समुद्राची हवा लागली! पण ऐकून घ्या. गोष्ट तिथली असली तरी हिशेब आपल्याच बांधावरचा आहे.

अलिबागहून मुरूडकडे निघालं की डाव्या हाताच्या डोंगरात फणसाडचं जंगल लागतं. जंजिऱ्याच्या सिद्दी नबाबाचं हे शिकारीचं राखीव रान. संस्थानी शिकारीची रीत आपल्याला ठाऊक आहे. साहेब मचाणावर, आणि डबे बडवत हाका घालायला गावची माणसं. सावज साहेबाचं, घाम रयतेचा. त्याच सावजानं रयतेचं पीक खाल्लं, तर दाद मागायची कुणाकडे?

1948 साली संस्थान विलीन झालं. 1972 साली वन्यजीव संरक्षण कायदा आला. 1986 साली फणसाड अभयारण्य झालं, आणि 1991 च्या दुरुस्तीनं परवान्याची शिकारही संपली. आज तिथं शहरातले पाहुणे गळ्यात दुर्बीण अडकवून येतात, शेकरू बघतात, पहाटे रानकोंबड्याची बांग ऐकतात. बंदुकीच्या जागी कॅमेरा आला, हे चांगलंच झालं. याच किनाऱ्यावर किहीमला सालिम अलींनी 1930 साली सुगरण पक्ष्याचा अभ्यास केला. लहानपणी छर्ऱ्याच्या बंदुकीनं चिमण्या मारणारा हा माणूस पुढं देशाला पक्षी ओळखायला शिकवून गेला. तेव्हा बंदूक परत आणा, असं मी म्हणत नाही.

माझा प्रश्न वेगळा आहे. शिकार गेली, पर्यटन आलं. यात शेतकऱ्याची जागा कुठं बदलली?

आता अमेरिकेकडे बघा. मोर, तित्तर, रानकोंबडा यांच्याच कुळातला फेझंट नावाचा पक्षी आहे. मूळचा चीनकडचा. साउथ डाकोटा राज्यात तो नेऊन सोडला आणि 1919 साली तिथं शिकारीचा पहिला हंगाम झाला, फक्त एका दिवसाचा. आज लांबलांबून शिकारी येतात आणि शेतकऱ्याच्या रानात शिरायचे पैसे मोजतात. पक्ष्याला आसरा म्हणून शेतकरी मक्याचे, ज्वारीचे पट्टे उभे ठेवतो. कॅन्सस राज्यात तर 1995 पासून सरकारच शेतकऱ्याची जमीन भाड्यानं घेऊन शिकाऱ्यांना मोकळी करून देतं.

ज्वारी तिकडंही आहे, पाखरू तिकडंही आहे. तिकडं ज्वारीतलं पाखरू जमेच्या बाजूला, आपल्याकडं खर्चाच्या बाजूला! जोंधळा हुरड्यात आला की आपण गोफण घेऊन माळ्यावर. रात्री डुकरं ज्वारी लोळवतात, रोही कपाशीचे शेंडे खुडतात. मी शेतकी पदवीधर. कॉलेजात कीड शिकलो, तण शिकलो, रानडुकराचा धडा पुस्तकात नव्हता. उत्पादनखर्च काढताना रात्रीची राखण कुणी मजुरीत धरते काय? राखणीला कंटाळून किती जणांनी ज्वारी सोडली, हे या मांडवातच हात वर करून सांगा.

इंडियाला जंगल हवं, जनावर हवं. जरूर असावं. पण त्याचं चराऊ रान आमचं शेत असेल, तर चराईही मिळाली पाहिजे. म्हणून मागणी तीन गोष्टींची. नुकसानभरपाई उत्पादनखर्चावर आणि मुदतीत मिळावी. अभयारण्याच्या प्रवेश फीतला वाटा काठच्या गावांना हक्कानं मिळावा. आणि उभं पीक नासवणाऱ्या जनावराबाबत कायद्याच्या कलम 11 मध्ये जी परवानगीची तरतूद आहे, तिच्यासाठी हेलपाटे घालायला लावू नयेत.

एक गोष्ट आपल्यालाही सांगतो. कुंपणाच्या तारेत चोरून वीज सोडू नका. त्या तारेला डुक्कर शिवेल की पहाटे पाणी द्यायला निघालेला शेजारी, हे अंधारात तारेला कळत नाही.

आणि हुरडा विसरू नका. शहरातले लोक हुरडा खायला पैसे देऊन शेतावर येतातच. त्यांना पहाटे बांधावरचा मोर दाखवा, आणि त्याचेही पैसे घ्या. यात लाज कसली? आजवर नबाबाच्या शिकारीला आपण फुकट हाका घातला. आता पाहुण्यांच्या सहलीला तरी फुकट राखण करायची नाही, एवढं ठरवून घरी जाऊ या.