तिनं आधीच सांगितलं होतं

मागच्या बैठकीत बचतीचा हिशोब झाला, वह्या मिटल्या, आणि एकीनं विचारलं, “कोर्टानं सहाच्या सहा सोडले, मग ती बाई खोटं बोलली का?” त्यावर आम्ही अंधार पडेपर्यंत बोलत बसलो.

प्रकरण नाशिकजवळचं. जून २००३ मध्ये रात्री एका कुटुंबावर दरोडा पडला. पाच जणांचे जीव गेले, बायकांवर अत्याचार झाले. एक आई आणि तिचा मुलगा वाचले. भटक्या जमातीतले सहा गरीब मजूर पकडले गेले. २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सहाही जणांना फाशी ठरवली. त्याच न्यायालयानं ५ मार्च २०१९ रोजी त्यांना निर्दोष सोडलं आणि राज्य सरकारनं प्रत्येकाला पाच लाख रुपये द्यावेत असं सांगितलं. एक जण तर घटनेच्या वेळी अल्पवयीन होता.

आता त्या आईचं ऐका. घटनेनंतर लगेच, पोलिसांनी दाखवलेल्या फोटोंतून तिनं चार वेगळीच माणसं ओळखली होती. त्यांच्यावर खटला भरलाच नाही. म्हणजे बाई बोलली होती, तिचं बोलणं बाजूला राहिलं. सहा घरं उजाड झाली ती वेगळीच, आणि तिलाही न्याय मिळाला नाही.

घरातली माणसं डोळ्यांदेखत गेली की झोप उडते, दार वाजलं तरी अंग थरथरतं. काही गोष्टी लख्ख आठवतात, काही पार पुसल्या जातात, वेळेचा मेळ लागत नाही. आपल्याकडे मात्र भेटायला येणारी प्रत्येक जण “नक्की कोण होता गं?” विचारते, वर नावंही सुचवते. हे आमच्याही हातून झालंय. त्यानं तिची जखम उघडी राहते, आणि आपण सुचवलेलं नाव तिच्या आठवणीत शिरू शकतं.

म्हणून गटात ठरलं: अशा घरी जायचं ते भाकरी घेऊन, रात्री सोबतीला. चौकशी पोलिसांनी करावी. बाईला आपला जबाब राहत्या घरी देता येतो, आणि तालुक्याच्या विधी सेवा समितीकडून वकील फुकट मिळतो. त्यासाठी बाईचं उत्पन्न बघत नाहीत.

प्रश्न विचारणारी उठताना म्हणाली, “मग ते चौघं कुठं असतील?” कुणालाच उत्तर सुचलं नाही.