कोड येत नाही? मग डॉक्युमेंटेशन लिहा

मागच्या भागानंतर बऱ्याच जणांनी एकच विचारलं: "ओपन सोर्समध्ये काहीतरी करायचंय, पण सिक्युरिटीचा कोड बघूनच घाम फुटतो. आम्ही काय करायचं?" तर आज डॉक्युमेंटेशनबद्दल बोलू. हो, तेच. एरवी कुणी वाचत नाही आणि अडलं की सगळे शोधतात.

आधी एक खरा किस्सा. कर्ल नावाची लायब्ररी आहे, असंख्य ॲप्स आणि सर्व्हर ती वापरतात. त्यात व्हेरिफाय-होस्ट अशी एक सेटिंग आहे. समोरच्या सर्व्हरच्या सर्टिफिकेटवरचं नाव आपल्याला हव्या त्याच साइटचं आहे ना, हे ती तपासते. किंमत २ असली की तपासणी पूर्ण, आणि डीफॉल्टही २च. पण पीएचपीवाल्या कितीतरी लोकांना वाटलं हे चालू-बंदचं बटण आहे, म्हणून त्यांनी लिहिलं 'ट्रू'. ट्रू म्हणजे १. आणि तेव्हा १ चा अर्थ होता, सर्टिफिकेटवर कुठलंतरी नाव आहे एवढंच बघ, जुळतंय की नाही ते सोड! सुरक्षा चालू करायला गेले आणि होती ती घालवून बसले. शेवटी २०१२ मध्ये, ७.२८.१ आवृत्तीपासून, १ दिला की सरळ एरर यायला लागली.

गंमत म्हणजे हा फरक डॉक्युमेंटेशनमध्ये लिहिलेला होता. पण लोक पान वाचत नाहीत हो, उदाहरण कॉपी करतात. त्यामुळे माझं मत असं की, वर दिलेलं चार ओळींचं उदाहरण बरोबर असणं हे खालच्या चार पानांपेक्षा महत्त्वाचं.

मी स्वतः यात आलो ते मावसभावामुळे. तो एक ओपन सोर्स पासवर्ड मॅनेजर वापरायचा, नाव नको. गाइडमध्ये लिहिलं होतं, की-फाइल लावा, सुरक्षा वाढेल. त्याने लावली. डेटाबेसचा बॅकअप ड्राइव्हवर, की-फाइल फक्त लॅपटॉपवर. लॅपटॉप फॉरमॅट झाला आणि संपलं. मास्टर पासवर्ड तोंडपाठ, तरी डेटाबेस उघडेना. चार वर्षांचे पासवर्ड गेले. एक ईमेल खातं तर आजवर परत मिळालेलं नाही.

की-फाइल हरवली तर काय होतं, हे गाइडमध्ये कुठेच नव्हतं. मी रागारागाने तीन ओळी लिहून पाठवल्या: 'दोन्ही फाइल्सचा बॅकअप ड्राइव्हवर ठेवा.' मेंटेनरने शांतपणे विचारलं, दोन्ही एकाच जागी ठेवल्या तर की-फाइलचा उपयोग काय? च्यायला, बरोबर होतं त्याचं! माझी ओळ तशीच गेली असती तर मी शेकडो लोकांना चुकीचा सल्ला दिला असता. तीन ओळींना अकरा दिवस लागले. मावसभाऊ आता की-फाइल पेनड्राइव्हवर ठेवतो, कपाटात.

तुम्हाला सुरुवात करायची तर नवखेपणाचा फायदा घ्या. कोऱ्या मशीनवर गाइड बघून, शब्दन् शब्द पाळत, ते टूल बसवा. जिथे अडाल तिथे लिहून ठेवा. जुन्या लोकांना ती जागा दिसतच नाही. मग गिटहबवर ती फाइल उघडून पेन्सिलच्या चिन्हावर दाबा, बदल करा, पुल रिक्वेस्ट पाठवा. ओवॅस्पची चीट शीट सिरीजसुद्धा अशीच मार्कडाउनमध्ये आहे, तिथेही हात घालता येतो. एआयकडून पानं लिहून घेऊन चिकटवू नका, प्लीज. जे स्वतः चालवून पाहिलं नाही ते लिहायचं नाही, सरळ विचारायचं.

आणि हे नीट ऐका. लिहिता लिहिता कळलं की गाइड एक म्हणतंय, प्रोग्रॅम भलतंच करतोय आणि त्यातून कुणीही आत शिरू शकतं, तर उघड इश्यू टाकू नका. रिपॉझिटरीत सिक्युरिटी डॉट एमडी नावाची फाइल असेल, त्यात लिहिलेल्या पद्धतीने खासगीत कळवा.

तुम्ही कुठे अडकलात ते व्हॉइस नोटने पाठवा. त्यातली एक जागा घेऊन पुढच्या भागात आपण मिळून दुरुस्त करू. फक्त भोक सापडलं असेल, तर ते मलासुद्धा सांगू नका!