प्रश्न कानावर पडला तर



आपल्या बचत गटात एखादी मावशी असतेच. सही येत नाही, अंगठा लावते. पण कोणाचा हप्ता राहिला, कोणाला किती व्याज पडलं, हे वही न उघडता सांगते. तिला हिशेब येत नाही असं आपण कधी म्हणतो का? मग घरातलं पोर धडा तोंडी घडाघडा सांगतं आणि पेपर मात्र कोरा ठेवतं, तेव्हा त्याला ‘ढ’ म्हणून आपण कशा काय मोकळ्या होतो?

२००७ साली आलेला ‘तारे जमीन पर’ तुमच्यातल्या बऱ्याच जणींनी पाहिला असेल. त्यातल्या ईशानला जो त्रास होता त्याला डिसलेक्सिया म्हणतात, आणि सरकारी कागदावर अशा त्रासांना ‘विशिष्ट अध्ययन अक्षमता’ असं नाव आहे. बुद्धी चांगली असते, डोळे-कान ठीक असतात, पण अक्षरं जुळत नाहीत. आपल्या मराठीत ‘ध’ आणि ‘घ’, ‘भ’ आणि ‘म’ यांची अदलाबदल होते, जोडाक्षर आलं की गाडी अडते. कोणाचं वाचन बरं असतं पण लिहिताना हात चालत नाही. कोणी त्रेसष्ट ऐकतं आणि छत्तीस लिहितं. लहानपणी हे थोडंफार सगळ्याच मुलांचं होतं. तिसरी-चौथीतही तसंच राहिलं तर मात्र शाळेत जाऊन बोलायचं.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात ही अक्षमता धरलेली आहे. परीक्षेत वाढीव वेळ आणि लेखनिक यांचाही त्यात उल्लेख आहे. आपल्या राज्य मंडळाच्या दहावी-बारावीलाही या सवलती मिळतात. वाढीव वेळ तासाला २० मिनिटं धरतात, म्हणजे तीन तासांच्या पेपराला एक तास जास्त.

लेखनिक म्हणजे मूल सांगेल ते लिहिणारा. सोय चांगली आहे. पण विचार करा, अनोळखी मुलाजवळ बसून ‘प्रश्न पुन्हा वाच ना’ असं आपलं लाजरं पोर किती वेळा म्हणेल? दोनदा. तिसऱ्यांदा गप्प बसेल आणि समजलं तेवढ्यावर उत्तर सांगेल. संगणकाचा उपयोग मला इथे मोठा वाटतो. प्रश्न पडद्यावर मोठ्या अक्षरात दिसतो, कानाला हेडफोन लावून दहा वेळा ऐकता येतो, आणि ते यंत्र उसासा टाकत नाही. अक्षर वाईट म्हणून कोणी नाक मुरडत नाही, कारण उत्तर टाइप केलेलं असतं.

केंद्रीय मंडळाने, म्हणजे सीबीएसईने, दिव्यांग विद्यार्थ्यांना अशी परवानगी दिलेली आहे. प्रश्न मोठे करून पाहायला, ऐकायला आणि उत्तर टाइप करायला संगणक चालतो, इंटरनेट मात्र बंद. आपलं मूल राज्य मंडळाच्या शाळेत असेल तर संगणकाची मागणी मुख्याध्यापकांमार्फत लेखी करा. तोंडी ‘बघू’ म्हटलं की ते तिथेच राहतं.

घरी संगणक नाही, असं तुम्ही म्हणाल. फोन आहे ना? गूगल लेन्सने पुस्तकाच्या पानाचा फोटो काढला तर फोन ते पान वाचून दाखवतो. छापील मराठी बरं वाचतो, हाताने लिहिलेलं नीट वाचत नाही, आणि गणितातले अपूर्णांक तर भलतेच काहीतरी म्हणतो, तेव्हा तिथे माणूसच लागतो. कीबोर्डवरच्या माइकच्या खुणेवर बोट ठेवून बोललं की शब्द उमटतात. पोराला इतिहासाचं उत्तर आधी असं बोलू द्या, मग ते ऐकून दुरुस्त करू द्या.

एक गोष्ट मात्र नीट ध्यानात ठेवा. बोलून लिहिण्याची सवय लागली आणि परीक्षेत इंटरनेटच नाही, तर पोर तिथे अडकेल. म्हणून आठवीपासूनच मराठी टाइप करायची सवय हवी, शाळेच्या संगणकावर रोज अर्धा तास का होईना. घटक चाचणी, सहामाही याच पद्धतीने द्यायला मिळावी असा आग्रह धरा. दहावीच्या पहिल्या पेपराला हेडफोन पहिल्यांदा कानाला लावणारं मूल निम्मा वेळ घाबरण्यातच घालवेल. केंद्र सरकारच्या २०१८ च्या परीक्षा सूचनांतही लिहिलं होतं की उमेदवाराला संगणक आदल्या दिवशी तपासू द्यावा. तेवढ्या आधाराने मागणी करा, आणि वीज गेली तर काय व्यवस्था, हेही त्याच दिवशी विचारा. आपल्याकडे हा प्रश्न पहिला!

हे सगळं प्रमाणपत्रावर अडतं. साधारण आठ वर्षांनंतर ही तपासणी होते. डॉक्टर आणि मानसशास्त्रज्ञ मिळून करतात, एका खेपेत संपत नाही. सुरुवात जिल्हा रुग्णालयातून करा. तालुक्याच्या गट साधन केंद्रात समावेशित शिक्षणाचे विशेष शिक्षक असतात, कुठे जायचं, कोणते कागद न्यायचे, ते त्यांना विचारा. दहावीचा फॉर्म भरताना धावपळ केली तर वेळ पुरत नाही. आणि ‘दिव्यांग’ शब्द कागदावर आला की मुलीचं लग्न जमणार नाही, असं सांगणारे भेटतील. त्यांना विचारा, दहावी नापास मुलीचं काय करायचं ठरवलंय तुम्ही?

गटाच्या पुढच्या बैठकीत एक काम करा. कोणाचा तरी फोन मध्ये ठेवा आणि पाचवीच्या पुस्तकातलं एक पान त्याला वाचायला लावा. ज्या बाईचं पोर वाचताना अडतं, तिला तो फोन आधी हातात घेऊ द्या.