आधी रान, मग कंपनी, शेवटी फोन

(लोणंद येथील बैठकीत झालेल्या भाषणाचा मजकूर)



कांद्याच्या भावाचे बोलून झाले, शाळूच्या पेरणीचे बोलून झाले. आता थोडे फोनबद्दल बोलायचे आहे. हसू नका. बैल घेताना आपण दात पाहतो, चाल पाहतो, चार माणसांना विचारतो. फोन घेताना मात्र दुकानदार जो हातात ठेवील तो घेतो. कुठल्या कंपनीचे सिम म्हणून विचारले तर शेजाऱ्याचे आहे तेच द्या म्हणतो. फोन ही चैनीची वस्तू होती तोवर हे चालून गेले.

आता चालत नाही. हा अंक कापसाच्या जिल्ह्यांतही जातो, म्हणून तिकडचे उदाहरण घेऊ. २०२५ च्या हंगामात सीसीआयला हमीभावाने कापूस घालायचा तर 'कपास किसान' ॲपवर नोंदणी करणे सक्तीचे झाले. त्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ८११० रुपये होता. पण तो मागायला जायचे तर आधी मोबाईलवर ओटीपी आला पाहिजे. इकडे आपल्याकडे ई-पीक पाहणी २०२१ च्या १५ ऑगस्टपासून राज्यभर लागू झाली. शाळूची नोंद सातबारावर यायची तर रानात उभे राहून फोनने फोटो काढायचा. ही सक्ती बरोबर की चूक यावर आमचे मत तुम्हाला ठाऊक आहे, ते आज पुन्हा सांगत नाही. पण सक्ती आहे तोवर तुमचा नंबर हा सातबारासारखाच एक कागद झालेला आहे, एवढे ध्यानात घ्या.

हा फोन आपल्यापर्यंत कसा पोहोचला तेही थोडे आठवा. देशातले पहिले मोबाईल संभाषण ३१ जुलै १९९५ रोजी झाले. कलकत्त्याहून मुख्यमंत्री ज्योती बसू बोलले, दिल्लीत दळणवळणमंत्री सुखराम यांनी ऐकले. त्या काळात मिनिटाला सोळा रुपयांपर्यंत दर होता, आणि आलेल्या फोनचेही पैसे पडत. आलेला फोन फुकट झाला तो मे २००३ पासून. मग कंपन्या वाढल्या, चढाओढ लागली, २००९ मध्ये टाटा डोकोमोने सेकंदाला एक पैसा असा हिशेब सुरू केला आणि बाकीच्यांना मागे यावे लागले. कोणा मंत्र्याला शेतकऱ्याची दया आली म्हणून दर उतरले नाहीत. गिऱ्हाईक दुसरीकडे जाईल ही धास्ती कंपन्यांना होती, म्हणून उतरले. आज डझनभर कंपन्यांच्या जागी तीन खाजगी आणि एक सरकारी बीएसएनएल एवढ्याच उरल्या आहेत. जुलै २०२४ मध्ये तिन्ही खाजगी कंपन्यांनी एकाच आठवड्यात दर वाढवले, ते आपण पाहिलेच.

तर निवड कशी करायची? दुकानात आधी फोन दाखवतात, मग सिम देतात, आणि रानात रेंज आहे की नाही ते आपले आपण नंतर बघायचे असते. आम्ही म्हणतो, हा क्रम उलटा करा.

पहिले रान पाहा. फोनच्या लहरी डोंगर ओलांडत नाहीत. सालपे घाटाच्या अलीकडे लोणंदच्या बाजारपेठेत चारही कंपन्यांची रेंज असली म्हणून घाटापलीकडच्या तुमच्या विहिरीवर ती असेलच असे नाही. माण-खटावच्या टेकड्यांत तर एका वाडीला एक कंपनी चालते आणि पलीकडच्या वाडीला दुसरी. म्हणून वेगवेगळ्या कंपन्यांची सिमे असलेल्या तीन-चार शेजाऱ्यांना रानात न्या. घरात, विहिरीवर, गोठ्यात आणि बाजाराच्या वाटेवर, चारही ठिकाणी प्रत्येकाच्या फोनवरून बोलून पाहा. फोनवर दिसणाऱ्या काड्या मोजू नका, बोलणे तुटते का ते पाहा. आणि एकदा संध्याकाळी सात-आठच्या सुमारास पाहा. एका टॉवरवर एका वेळी ठराविकच माणसे मावतात. ज्ञानेश्वर महाराजांची पालखी लोणंदला मुक्कामी असते तेव्हा काड्या भरलेल्या असूनही फोन का लागत नाही, याचे कारण हेच. टॉवर जागेवरच असतो, माणसे लाखांनी वाढलेली असतात. 'फाइव्ह जी' अशी पाटी दुकानावर दिसली तरी भुलू नका. त्याच्या ज्या लहरी फार वेगवान असतात त्या दूरवर पोहोचत नाहीत. रानातल्या माणसाला साधे बोलणे नीट लागते की नाही, हेच आधी महत्त्वाचे.

मग दर. इथे हिशेब डोळसपणे करायला हवा. महिन्याचा रिचार्ज म्हणतात तो अठ्ठावीस दिवसांचा असतो. वर्षाचे महिने बारा, पण रिचार्ज तेरा पडतात. दुधाचा हिशेब दहा दिवसांनी करणाऱ्या माणसाला हे समजत नाही असे नाही. रोजची रक्कम लहान दिसते म्हणून कोणी बेरीज करत नाही, इतकेच. दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, म्हणजे ट्रायने, जानेवारी २०२२ मध्ये प्रत्येक कंपनीला तीस दिवसांचा आणि दर महिन्याच्या त्याच तारखेला येणारा असे निदान एकेक रिचार्ज ठेवायला लावले. ते आहेत, पण मागितल्याशिवाय दाखवत नाहीत.

दुसरी गोष्ट याहून मोठी. ज्याच्याकडे बटणांचा साधा फोन आहे त्याने इंटरनेटचे पैसे का भरावेत? आपल्या म्हाताऱ्या आईबापांचे कितीतरी वर्षे हे पैसे गेले. डिसेंबर २०२४ मध्ये ट्रायने हुकूम काढला की फक्त बोलणे आणि एसएमएस एवढ्यापुरता रिचार्ज प्रत्येक कंपनीने ठेवलाच पाहिजे आणि त्याची मुदत वर्षापर्यंत असू शकते. त्यानंतर जानेवारी २०२५ मध्ये एअरटेलने १८४९ रुपयांत ३६५ दिवसांचा आणि जिओने १७४८ रुपयांत ३३६ दिवसांचा असे रिचार्ज काढले. आता जुळवून पाहा. अठ्ठावीस दिवसांचा १९९ रुपयांचा रिचार्ज तेरा वेळा मारला की २५८७ रुपये होतात. त्यात थोडे इंटरनेट मिळते, पण साध्या फोनवाल्याला ते कशाला? १८४९ वजा केले तर ७३८ रुपये उरतात. एका घरात असे दोन फोन असतील तर हिशेब तुम्हीच करा. दर पुढेमागे होतात, म्हणून हे आकडे पाठ करू नका. रिचार्जची रक्कम भागिले दिवस, एवढाच भागाकार दुकानात उभ्या उभ्या करा. एकरकमी पैसे हातात नसतात हे खरे. मग चौऱ्याऐंशी दिवसांचा घ्या. कांद्याची पट्टी हातात येईल त्या आठवड्यात वर्षाचा भरून टाकणे अधिक बरे.

शेवटी फोन. शेतात जाणाऱ्या फोनला दिवसभर टिकणारी बॅटरी हवी, उन्हात वाचता येणारा पडदा हवा, दोन सिमांची सोय हवी. घरात एक तरी टचचा फोन असा असावा की ज्याचा कॅमेरा आणि जागा दाखवणारे जीपीएस नीट चालते, कारण पीक पाहणीला ते लागते. प्रत्येकाकडे तसला असण्याची गरज नाही. बटणांचा फोन घेताना तो 'फोर जी' आहे का विचारा. जुना 'टू जी' फोन जिओच्या सिमवर चालत नाही, कारण त्या कंपनीचे टू जीचे जाळेच नाही. जुना फोन विकत घेत असाल तर त्यावर *#०६# दाबा, पंधरा आकडी क्रमांक येतो. केवायएम ही तीन इंग्रजी अक्षरे, जागा सोडून तो क्रमांक, असा एसएमएस १४४२२ वर पाठवा. फोन चोरीचा म्हणून बंद केलेला असेल तर उत्तरात कळते.

हाच टू जीचा मुद्दा विहिरीवरच्या स्टार्टरलाही लागू आहे, आणि तिथे पुष्कळ जण फसतात. पुण्याचे अभियंते संतोष ओस्तवाल यांनी मोबाईलवरून पंप चालू-बंद करणारे 'नॅनो गणेश' नावाचे यंत्र केले. २००९ मध्ये नोकियाच्या स्पर्धेत त्याला बक्षीस मिळाले. त्यानंतर तशी यंत्रे गावोगाव आली. रात्री दोनला लाईट आली तरी अंथरुणातून पंप सुरू होतो, साप-विंचवाच्या वाटेने जावे लागत नाही. शहरातल्या माणसाला या यंत्राची किंमत कळायची नाही. पण जुन्या स्टार्टरांतले यंत्र बहुधा टू जीचेच असते. त्यात कुठले सिम चालेल ते कंपनी बदलण्याआधी विचारा. आणि पंप गप्पा मारत नाही, इंटरनेट पाहत नाही. त्याच्या सिमला बोलण्यापुरता लांब मुदतीचाच रिचार्ज पुरे.

सध्याच्या कंपनीची रेंज रानात नसेल तर नंबर तोच ठेवून कंपनी बदलता येते. ही सोय २० जानेवारी २०११ पासून देशभर आहे. पोर्ट हा इंग्रजी शब्द, जागा सोडून आपला नंबर, असा एसएमएस १९०० वर पाठवायचा. आठ अक्षरी संकेत येतो, तो चार दिवस चालतो. तो आणि आधार घेऊन नव्या कंपनीकडे जायचे. सध्याच्या कंपनीत नव्वद दिवस झालेले असले पाहिजेत, आणि जुना शिल्लक रिचार्ज बुडतो, म्हणून मुदत संपायच्या आठवड्यात हे काम करावे. अंगठा घेताना यंत्राने घेतला नाही म्हणून दोनदा मागितला तर 'संचार साथी' या सरकारी ठिकाणी आपल्या नावावर किती सिमे आहेत ते पोराकडून पाहून घ्या. नको असलेले तिथूनच कळवता येते.

बँकेला, आधारला जोडलेला नंबर मात्र रिचार्जविना पडू देऊ नका. बंद झालेला नंबर नव्वद दिवसांनंतर दुसऱ्या कोणाला दिला जाऊ शकतो, आणि मग तुमचा ओटीपी त्याच्या घरी जातो. नव्वद दिवस वापर झाला नाही तरी प्रीपेड सिमवर वीस रुपये शिल्लक असतील तर ते कापून नंबर तीस दिवस पुढे ठेवण्याचा नियम आहे. तेवढे तरी टाकून ठेवा. सिम हरवले आणि त्याच नंबरचे दुसरे घेतले तर पहिले चोवीस तास एसएमएस बंद ठेवतात. म्हणून कापसाच्या नोंदणीची किंवा पीक पाहणीची शेवटची तारीख दोन दिवसांवर आली असताना सिमाला हात लावू नका. कंपनी बदलायची असेल तर शाळूची काढणी उरकल्यावर, निवांत असताना बदला.