प्लास्टिकमधली माती
(मंडळाच्या पूर्वतयारी सभेत केलेले भाषण)



वायरवर ‘एफआर’ छापलेले पाहिले की आपण समजतो, ही वायर जळत नाही. मी शासनाच्या विद्युत शाखेतला डिप्लोमावाला माणूस, वायरिंग तपासणे हेच माझे काम. म्हणून त्यावरच बोलतो.

प्लास्टिक पेटू नये म्हणून त्यात खनिजाची पूड घालतात. जुनी युक्ती ॲल्युमिनियम हायड्रॉक्साइडची. सुमारे 200 अंशांच्या पुढे ते तापले की त्याच्या वजनाच्या तिसऱ्या हिश्श्याइतके पाणी वाफ होऊन निघते आणि आच थंडावते. मात्र शंभर किलोत साठ किलोपर्यंत पूड लागते. मग प्लास्टिक कडक होते, वाकवले की चिरते.

इथे नॅनो माती कामाला येते. तिचे नाव मॉन्टमोरिलोनाइट. आपल्या माळव्याची काळी माती याच कुळातली! पावसात ती फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, कारण तिच्या पापुद्र्यांत पाणी शिरते आणि निघून जाते. कारखान्यात मातीवर प्रक्रिया करून त्याच फटींत प्लास्टिक शिरवतात. पापुद्रे सुटे होतात. एकेकाची जाडी जेमतेम एक नॅनोमीटर, म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. जपानमध्ये टोयोटाच्या संशोधकांनी 1980 च्या दशकात नायलॉनमध्ये शेकडा पाचाच्या आत अशी माती घातली. भाराखाली नायलॉन 65 अंशांना वाकायचे, ते 150 च्या आसपास तग धरू लागले.

आगीत हे पापुद्रे पृष्ठभागावर गोळा होऊन खरपूड धरते, दुधावर साय धरावी तशी. आतला जळाऊ वायू सावकाश बाहेर पडतो, ज्वाळेचा जोर कमी होतो, वितळलेले थेंब कमी गळतात. पण पेट घेणे काही टळत नाही; कधी कधी तर अशी वस्तू थोडी लवकरच पेटते. म्हणून केबलमध्ये ही माती एकटी नसते, हायड्रॉक्साइडच्या जोडीला असते.

आणि साधी पीव्हीसी वायर? तिची मर्यादा 70 अंश. जळली की हायड्रोक्लोरिक ॲसिडचा धूर सोडते. बंदिस्त मंडपात आगीआधी तोच गाठतो.

सजावट समितीला विनंती: मखराच्या थर्मोकोलमागून जाणारी ती जोड मारलेली बारीक वायर काढू या. शनिवारी संध्याकाळी मी शिडी आणि टेस्टर घेऊन येतो, दोघेजण मदतीला हवेत.