बुटका ट्रक आणि धक्क्यांचा हिशेब

मोटार विकत घेणारा मनुष्य तिची जमिनीपासूनची उंची बदलण्याच्या खटपटींत सहसा पडत नाहीं. कारखान्यानें जशी दिली तशी ती वापरावी, हाच सर्वसाधारण रिवाज होय. परंतु अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत, आणि त्यांतल्या त्यांत कॅलिफोर्नियांत, गाडी मुद्दाम बुटकी करून ती रस्त्याच्या अगदीं लगत चालविण्याचा शौक गेलीं ऐंशी वर्षें टिकून आहे. त्याचा उगम लॉस एंजेलिस शहराच्या पूर्व भागांतील मेक्सिकन वंशाच्या लोकांच्या वस्तींत सांपडतो. १९४० नंतरच्या दशकांत तेथील तरुण जुन्या गाड्यांच्या मागील कप्प्यांत वाळूचीं पोतीं टाकीत, आणि तेवढ्यानें समाधान न झाल्यास स्प्रिंगांचे एकदोन वेढे कापून टाकीत. पुढें कॅलिफोर्नियाच्या वाहनविषयक कायद्यांत एक कलम आलें: चाकाच्या धातूच्या कडेचा जो सर्वांत खालचा बिंदु, त्याच्या खालीं गाडीचा कोणताहि भाग येतां कामा नये. १९५९ सालीं रॉन अगीरे यानें यावर नामी तोड काढली. विमानांतून निघालेले जुने पंप त्यानें आपल्या कॉर्व्हेट गाडीस जोडले. त्यामुळें ती इच्छेस येईल तेव्हां खालीं बसे आणि शिपाई दिसतांच कायदेशीर उंचीवर उठून उभी राही. तें कलम २०२४ सालच्या १ जानेवारीपासून रद्द झालें.

कायद्याचें बंधन सुटलें, तरी यंत्रशास्त्राचें बंधन कोणत्याहि विधिमंडळास रद्द करतां येत नाहीं. गाडी खालीं आणणें सोपें आहे. खालीं आणल्यावर ती सुखरूप चालविणें कठीण आहे. आणि ही अडचण साध्या मोटारीपेक्षां पिकअप ट्रकच्या बाबतींत अधिक तीव्र होते. मोटारींत चारपांच माणसें बसतात व त्यांच्या वजनाचा अंदाज आधींच असतो. ट्रकच्या मागील हौद्यांत मात्र आज कांहीं नसतें, आणि उद्यां सिमेंटचीं पोतीं असतात. शेव्हरोले कंपनीचा सी-टेन हा अर्ध्या टनाचा ट्रक या शौकिनांच्या विशेष आवडीचा. त्यांतहि १९६७ ते १९७२ या सालांत निघालेला. मूळचा हा शेतावरचा आणि कारागिराचा सोबती. असा राबलेला ट्रक तरुण मालकाच्या हातीं येतो, आणि त्याला तो बुटका करण्याची हौस होते. हौस वाईट नव्हे. पण हिशेबावांचून केलेली हौस पहिल्याच खड्ड्यांत उघडी पडते.

या विषयांतील पहिला गैरसमज शॉक अॅबसॉर्बरविषयीं आहे. कारागीर त्यास नुसतें ‘शॉक’ म्हणतात. पुष्कळांस वाटतें कीं, हा भाग गाडीचें वजन तोलून धरतो, आणि म्हणून आंखूड शॉक बसविला कीं गाडी खालीं येईल. वस्तुस्थिति निराळी आहे. वजन तोलण्याचें काम स्प्रिंगेचें. स्प्रिंग दाबली गेली कीं ती तो दाब सांठवून ठेवते व लगेच परत करते. तिला आंवर घालणारें कोणी नसेल, तर गाडी झोपाळ्यासारखी हेलकावत राहील. हा आंवर घालण्याचें काम शॉकचें. त्याच्या नळींत तेल असतें, आणि दट्ट्या हलूं लागला म्हणजे तें तेल बारीक छिद्रांतून जातांना विरोध करतें. त्या विरोधांत हालचालीची शक्ति उष्णतेच्या रूपानें खर्ची पडते. म्हणून उंची ठरविणारी स्प्रिंग, आणि त्या उंचीवर चाल संयमित ठेवणारा तो शॉक, असा हा श्रमविभाग आहे. शॉक हा उंचीचें कारण नसून उंची ठरल्यानंतर निवडावयाचा भाग आहे.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची. गाडी चार इंच खालीं आणली, तर मालकास चार इंचांची शोभा मिळते. पण ते चार इंच कोठून तरी येतात. आंस आणि चासी यांच्या दरम्यान चाकाला वर उचलण्यासाठीं जी मोकळी जागा असते, बहुधा तिच्यांतून ते कापले जातात. समजा, मोकळ्या ट्रकच्या मागील आंसास वर जाण्यास पांच इंच वाव आहे, आणि मागच्या दोन स्प्रिंगांपैकीं प्रत्येकीस एक इंच दाबण्यास १२५ पौंड लागतात. हौद्यांत ५०० पौंड माल टाकला म्हणजे ट्रक दोन इंच बसेल, आणि खड्ड्यांसाठीं तीन इंच शिल्लक राहतील. आतां याच ट्रकला तितक्याच कडक पण आंखूड स्प्रिंगा घालून तो चार इंच खालीं आणला, तर वाव एकच इंच उरतो. तोच माल टाकतांच आंस रबरी ठोकळ्यावर जाऊन टेकतो, आणि स्प्रिंग असून नसल्यासारखी होते. मग प्रत्येक धक्का चासीस, हौद्यास व चालकाच्या पाठीच्या कण्यास थेट पोंचतो. चाक जमिनीवरून उसळूं लागतें. आणि उसळलेल्या चाकास ब्रेक लागत नाहीं व वळणहि घेतां येत नाहीं.

यास्तव जाणता कारागीर प्रथम एकच प्रश्न विचारतो: उंची कमी करूनहि चाकाचा वाव कसा राखतां येईल? पुढील बाजूस याचें एक चांगलें उत्तर आहे. सी-टेनच्या पुढील चाकांस १९६३ पासून गुंडाळीच्या स्प्रिंगा आहेत. ज्या लोखंडी तुकड्यावर चाक फिरतें, तो स्पिंडल बदलून त्याजागीं चाकाचा दांडा दोनअडीच इंच वरच्या बाजूस असलेला स्पिंडल बसविला, म्हणजे चाक होतें तेथेंच राहतें आणि ट्रक तितकाच खालीं येतो. यांत स्प्रिंग, तिला धरणारे वरचे व खालचे हात, त्यांचे कोन, सारें पूर्ववत् राहतें. म्हणून मूळ मापाचाच शॉक चालतो. याउलट आंखूड स्प्रिंग घातल्यास हातांचे कोन बदलतात, चाकें आंत कलूं लागतात, आणि खड्ड्यांत चाक वर गेलें कीं सुकाणूचा दांडा व हात निराळ्या कमानींत फिरत असल्यामुळें गाडी आपोआप बाजूस ओढली जाते. म्हणून पहिले दोनअडीच इंच स्पिंडलनें घ्यावेत, आणि त्याहून अधिक हवें असेल तरच एखादा इंच स्प्रिंगेनें घ्यावा, हा शहाणपणाचा क्रम होय.

जुनी स्प्रिंग कापण्याच्या रिवाजाविषयीं येथेंच सांगणें इष्ट. स्प्रिंगेचा कडकपणा तिच्या हलत्या वेढ्यांच्या संख्येशीं व्यस्त प्रमाणांत असतो. आठ वेढ्यांपैकीं एक कापला, तर उरलेली स्प्रिंग सुमारें १४ टक्के अधिक कडक होते. हें एका परीनें उपकारकच आहे, कारण वाव कमी झाला म्हणजे थोडा अधिक कडकपणा हवाच असतो. परंतु कापलेलें टोंक बैठकींत नीट बसलें पाहिजे. वायूच्या ज्योतीनें स्प्रिंग तापवून ती बसविणें मात्र सर्वथा त्याज्य. कारण त्यानें पोलादाचें पाणी उतरतें, आणि ती पुढें केव्हां खचेल वा तुटेल याचा भरंवसा राहत नाहीं.

मागील बाजूस ट्रकची रचना पाहूनच उपाय ठरतो. १९७२ पर्यंतच्या बहुतेक सी-टेन ट्रकांना मागें गुंडाळीच्या स्प्रिंगा व आंसास पुढून धरणारे दोन लांब दांडे असत. आंस आडवा सरकूं नये म्हणून एक तिरका दांडा असतो. त्याचें एक टोंक चासीस व दुसरें आंसास जोडलेलें असतें. ट्रक खालीं आला म्हणजे हा दांडा आपल्या कमानींत फिरतो व आंसास एका बाजूस ढकलतो. म्हणून त्याजागीं लांबी कमीजास्त करतां येणारा दांडा बसवावा लागतो; नाहींतर एक चाक हौद्याच्या कडेस घासतें. १९७३ पासूनच्या ट्रकांना मागें पाटे आले. तेथें आंस पाट्यांच्या खालीं बांधलेला असतो. तो सोडवून पाट्यांच्या वर बांधला, तर आंसाची जाडी व पाट्यांची जाडी मिळून पांचसहा इंच उंची एकदम कमी होते. परंतु आतां आंस चासीच्या तुळईस जवळजवळ भिडतो. यासाठीं तुळईस अर्धवर्तुळाकार खांच पाडून तिला भक्कम पोलादाचा जोड देतात. खांच पाडली म्हणजे गमावलेले दोनतीन इंच परत मिळतात. जोड देण्यास टाळाटाळ केली, तर तुळई तेथेंच तडकते. पाट्यांची दिशा बदलली म्हणजे आंसाचा कोन व पर्यायानें इंजिनाकडून येणाऱ्या फिरत्या दांड्याचा कोनहि तपासावा लागतो.

इतकें झाल्यावर शॉकची पाळी येते. त्याचीं तीन मापें महत्त्वाचीं: पूर्ण ताणलेली लांबी, पूर्ण मिटलेली लांबी, आणि ट्रक सपाट जागीं चारी चाकांवर उभा असतांना दोन बैठकींमधील अंतर. समजा, जुना शॉक ताणून २० इंच व मिटून १२ इंच होतो, आणि पूर्वीं तो १६ इंचांवर उभा असे. ट्रक चार इंच खालीं येतांच तो बरोबर १२ इंचांवर येतो, म्हणजे पुरता मिटतो. अशा स्थितींत तो शॉक राहत नाहीं, खांब होतो. पहिल्या धक्क्यास त्याचा दांडा वांकतो किंवा बैठक उखडते. तेथें ताणून साडेचौदा व मिटून साडेनऊ इंच होणारा शॉक घेतला, तर दोन्ही दिशांस अडीच इंच मिळतात. आंसास रबरी ठोकळ्यापर्यंत दीड इंच वाव असेल आणि ठोकळा आणखी अर्धा इंच दबत असेल, तरी शॉकजवळ अर्धा इंच राखीव उरतो. नियम असा कीं, धक्क्याचा शेवट रबरावर व्हावा, शॉकच्या पोटांत होऊं नये.

ताणलेल्या लांबीकडेहि दुर्लक्ष करून चालत नाहीं. ट्रक जॅकवर उचलला कीं आंस लोंबतो, आणि पुष्कळ ठिकाणीं त्याला धरून ठेवणारा शेवटचा भाग शॉकच असतो. तो फार लांब असेल, तर आंखूड गुंडाळी स्प्रिंग बैठकींतून सुटून बाहेर पडूं शकते, किंवा ब्रेकच्या तेलाच्या नळीवर ताण येतो. म्हणून स्प्रिंग काढून, आंस जॅकनें वरपासून खालपर्यंत फिरवून, प्रत्येक टोंकास मापें घ्यावींत. एक तासाचें हें काम पुढील पुष्कळ पश्चात्ताप वांचवितें.

जागेच्या अडचणीमुळें कांहीं जण शॉक तिरका बसवितात. तिरकेपणाचीहि किंमत असते. उभ्या रेषेपासून ३० अंश कललेला शॉक आपल्या बळाच्या तीनचतुर्थांशाइतकाच चाकावर चालतो, आणि ४५ अंश कललेला निम्म्याइतकाच. म्हणून कलता शॉक अधिक जोराचा घ्यावा, अथवा बैठक हलवून तो उभा करावा. स्प्रिंग कडक झाली कीं तिला आंवरण्यास शॉकचा विरोधहि वाढला पाहिजे. स्प्रिंग दीडपट झाली तर विरोध सुमारें सव्वापट. विशेषतः स्प्रिंग उलट उसळते त्या दिशेचा विरोध पुरेसा हवा. जुना मऊ शॉक नव्या कडक स्प्रिंगेवर बसविला, तर प्रत्येक उंचवट्यानंतर ट्रक डुलत राहतो.

शॉकचे मुख्य प्रकार दोन. दुहेरी नळीचा शॉक स्वस्त असून बाहेरून पोंचा आला तरी काम करतो. परंतु सतत धक्के बसले कीं त्यांतील तेलास फेंस येतो व जोर ओसरतो. एकेरी नळीच्या शॉकांत दाबलेला वायु निराळ्या दट्ट्यानें तेलापासून अलग ठेवलेला असतो, म्हणून फेंस धरत नाहीं. ही रचना १९५३ च्या सुमारास फ्रान्समधील द कार्बन यानें पुढें आणली. तिची नळी मात्र चेपली तर शॉक अडकतो. माल वारंवार नेणाऱ्यास तिसरा मार्ग हवेच्या पिशव्यांचा. त्यांत हवा भरली कीं वजनाखालींहि ट्रक पूर्वीच्या उंचीवर येतो. मात्र नळ्या, टांकी व पंप यांची देखभाल पाठीमागें लागते.

तात्पर्य, क्रम असा असावा: प्रथम हौद्यांत किती माल जाणार हें ठरवावें, मग टायर व चाकें निवडावींत, कारण उंची त्यांवरहि अवलंबून आहे, मग स्पिंडल, स्प्रिंग व खांच, त्यानंतर रबरी ठोकळे, आणि सर्वांच्या शेवटीं, मापें घेऊन, शॉक. पुष्कळांचा क्रम नेमका उलटा असतो, आणि म्हणूनच त्यांस शॉक दोनदां विकत घ्यावे लागतात. काम पुरें झाल्यावर चाकांचा मेळ व दिव्यांचा झोत पुन्हां जुळवून घ्यावा.

महाराष्ट्रांतील श्रोत्यांस हा हिशेब अगदींच परका वाटणार नाहीं. येथें उलट दिशेनें तोच प्रयोग चालतो: अधिक माल भरतां यावा म्हणून टेंपोस जादा पाटे घालतात आणि शॉक मात्र जुनेच ठेवतात, मग रिकामा टेंपो परततांना दगडासारखा आदळतो. शिवाय १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमान्वयें, नोंदणीपत्रांतील कारखान्यानें दिलेल्या तपशिलाशीं विसंगत असा फेरफार करण्यास भारतांत मनाई आहे. म्हणून हात लावण्यापूर्वीं परिवहन कचेरींत विचारणा करणें बरें.

वाहन उंच असो वा बुटकें, त्याच्या चाकास वरखालीं होण्यास थोडी तरी जागा हवी. ती जागा रिकामी दिसते, म्हणून तिची किंमत कोणी करीत नाहीं. पण आडवाटेवर, अंधारांत, मागें माल आणि शेजारीं घरचें माणूस बसलेलें असतांना खड्डा येतो, तेव्हां त्या दोन इंच मोकळ्या जागेवरच सर्वांचा भार असतो.