रजा, चढ आणि ओझे



दुरून डोंगर साजरे, ही म्हण आपल्याकडे लहान मुलालाही पाठ असते. आज आम्ही बोलणार आहोत ते जवळ गेल्यावर डोंगर कसा वागतो याविषयी, आणि तिथे जाण्याचा बेत घरी बसून कसा आखावा याविषयी. आमचा पेशा कामगार संघटनेचा. शाळा सातवीला सुटली. पुढे जे काही शिकलो ते कारखान्याच्या फाटकावर, मजूर न्यायालयाच्या बाकावर आणि सार्वजनिक वाचनालयात. असा माणूस हिमालयावर काय बोलणार, ही शंका आपल्या मनात आली तर ती रास्तच आहे. आम्ही गिर्यारोहक नव्हे. परंतु रजा, मजुरी आणि ओझे या तीन गोष्टींशी आमचा तीस वर्षांचा संबंध आहे. आणि उंच डोंगरातली सहल उभी असते ती याच तीन गोष्टींवर.

उदाहरणादाखल एकच वाट घेऊ. नेपाळातल्या खुंबू भागातून एव्हरेस्टच्या पायथ्याच्या तळापर्यंत जाणारी. आपल्या महाराष्ट्रातून दरवर्षी पुष्कळ मंडळी या वाटेने जातात. आमच्या संघटनेतले आम्ही आठ जणही काही वर्षांपूर्वी जाऊन आलो, म्हणून तिची थोडीफार माहिती आहे.

पहिला हिशोब उंचीचा. आपले कळसूबाई १,६४६ मीटर. महाराष्ट्रात त्याहून उंच जागा नाही. या वाटेवरचे नामचे बाजार हे गावच मुळी ३,४४० मीटरवर वसलेले आहे, म्हणजे कळसूबाईच्या दुपटीहून अधिक. पुढे तेंगबोचेचा मठ ३,८६० मीटरवर, दिंगबोचे ४,४१० वर, लोबुचे ४,९४० वर, गोरकशेप ५,१६४ वर आणि तळ ५,३६४ मीटरवर. त्या तळावर हवेचा दाब समुद्रकाठच्या निम्म्याच्या आसपास उरतो. एका श्वासात जेवढा प्राणवायू आपल्याला इथे मिळतो, तेवढ्यासाठी तिथे जवळजवळ दोन श्वास घ्यावे लागतात.

शरीर हे शिकते, पण सावकाश शिकते. म्हणून जाणत्या डॉक्टरांनी नियम घालून दिला आहे की, तीन हजार मीटरच्या वर गेल्यावर आजच्या मुक्कामापेक्षा उद्याचा मुक्काम साधारण पाचशे मीटरहून अधिक उंच नसावा, आणि दर तीन-चार दिवसांनी एक दिवस त्याच उंचीवर थांबावे. नामचेला दोन रात्री आणि दिंगबोचेला दोन रात्री काढायच्या त्या यासाठी. तो आळस नव्हे. यंत्र नवे बसवले की पहिल्या दिवशी पुऱ्या वेगाने चालवीत नाहीत, तसेच हे.

१९५३ साली जॉन हंट यांची तुकडी एव्हरेस्टला निघाली, तेव्हा ती काठमांडूच्या खोऱ्यातून पायी चालत गेली. तेंगबोचेपर्यंत पोचायला दोन आठवड्यांहून अधिक काळ लागला. सुमारे साडेतीनशे हमालांच्या पाठीवर सामान होते. त्याच वर्षी २९ मे रोजी तेनसिंग आणि हिलरी शिखरावर उभे राहिले. पुढे १९६४ साली हिलरी यांच्याच खटपटीने लुक्ला येथे धावपट्टी झाली. शाळा आणि दवाखान्याचे सामान न्यायला ती हवी होती. तिच्यामुळे त्या भागाचे पुष्कळ भले झाले. पण प्रवाशापुरते पाहिले, तर दोन आठवड्यांची चाल अर्ध्या तासाच्या उड्डाणावर आली आणि चालता चालता शरीराला मिळणारी ती शिकवणी बुडाली. आता ती शिकवणी आपल्या बेतात मुद्दाम घालावी लागते.

इथे रजेचा प्रश्न येतो. १९४८ च्या कारखाना कायद्याने वर्षात २४० दिवस भरणाऱ्या कामगाराला वीस दिवसांच्या कामामागे एक दिवस भरपगारी रजा दिली. म्हणजे किमान बारा दिवस. नव्या संहितेतही वीसास एक हे प्रमाण टिकून आहे. ही रजा कुणी दयेपोटी दिलेली नाही. तिच्यामागे लोकांनी उपास काढले आहेत. अशी रजा माणूस जपून वापरतो, आणि नेमका तिथेच फसतो. लुक्ल्याहून तळापर्यंत जाऊन परत यायला शहाणपणाने चालले तर बारा दिवस लागतात. घरून काठमांडूला जाणे-येणे त्यात धरलेले नाही. लुक्ल्याचे विमान ढगामुळे एक-दोन दिवस सुटत नाही, हे तिथे नेहमीचे. गर्दीच्या हंगामात तर काठमांडूहून चार-पाच तास मोटारीने रामेछापला जाऊन तिथून उडावे लागते. सारे धरून सतरा-अठरा दिवस हवेत.

आमच्या आठ जणांत चौघांची रजा बारा दिवसांची होती. एका सहलवाल्याने मोठ्या खुशीने सांगितले, "काळजी करू नका, मधले दोन विश्रांतीचे दिवस काढून टाकतो. खर्चही कमी पडेल." आम्ही त्याचा कागद नीट वाचला. त्याने जे दिवस कापले होते, नेमके तेच माणसाला जिवंत ठेवणारे होते. आम्ही आमच्या सभासदांची बैठक घेतली आणि ठराव केला, दिवस कापायचे नाहीत, वाट कापायची. बारा दिवसवाल्यांनी तेंगबोचेपर्यंतच जावे. त्या मठाच्या अंगणातून एव्हरेस्टही दिसते आणि अमा दब्लमही. उरलेल्या चौघांनी पुढे जावे. आमच्या चौघांना या ठरावाचे वाईट वाटले नाही असे नाही. पण अंथरूण पाहून पाय पसरावे, हे आपल्या वाडवडिलांनी केवळ पैशाबद्दल सांगितलेले नाही.

आता ओझ्याकडे येऊ. लुक्ल्याच्या विमानात दर माणशी साधारण पंधरा किलो सामान चालते. तिथे काट्यावर पिशवी ठेवतात आणि किलोभर जास्त झाले तरी हिशोब मागतात. विमानाला मर्यादा आहे. ती कुणी ओलांडीत नाही, कारण ओलांडली तर विमान पडेल. उतरल्यावर तीच पिशवी माणसाच्या पाठीवर जाते. दोघांच्या दोन पिशव्या एका हमालाला, हा तिथला रिवाज. पंधरा आणि पंधरा तीस. त्यावर त्याचे स्वतःचे कपडे आणि पांघरूण. तो हे ओझे कपाळावरच्या पट्ट्याने, त्याला ते नाम्लो म्हणतात, पेलीत चढ चढतो. नेपाळात तीस किलोंची मर्यादा सांगितली जाते. पण डोंगरात काटा घेऊन कोण उभा राहतो? दक्षिण अमेरिकेतल्या पेरू देशाने २००१ साली हमालांसाठी कायदा केला आणि वीस किलोंची मर्यादा घातली. आपल्या महाराष्ट्राने तर त्याच्या बत्तीस वर्षे आधी, १९६९ साली, माथाडी कामगारांचा कायदा केला. ज्याला धनी कोण हेच सांगता येत नाही अशा डोक्यावर ओझे वाहणाऱ्या माणसालाही कायद्याचे छत्र मिळू शकते, हे या राज्याने दाखवून दिले. मुंबईच्या गोदीत आणि पुण्याच्या भुसार बाजारात हे पाहिलेल्या लोकांनी लुक्ल्याला उतरल्यावर डोळे मिटून घ्यावेत काय?

आम्ही घरीच काटा मांडला. दर माणशी नऊ किलो. दोघांचे अठरा. पहिल्या खेपेला सगळ्यांचे तेरा-चौदा भरले. मग जादा बूट गेले, तिसरी विजार गेली, एकाचा चिवड्याचा डबा गेला. तो डबा काढताना सर्वांत जास्त वाद झाला, हेही सांगून टाकतो.

आणखी एक गैरसमज दूर केला पाहिजे. शेर्पा हे एका जनसमूहाचे नाव आहे, हमालकीचे नव्हे. या वाटेवर ओझी वाहणारे पुष्कळ जण खालच्या डोंगरपट्ट्यातले राई, तामांग अशा समाजांतले शेतकरी असतात. शेतीच्या मधल्या दिवसांत ते मजुरीला वर येतात. त्यांची छाती उंचीला जन्मतः सरावलेली आहे असे समजणे चूक आहे. उंचीचा त्रास त्यांनाही आपल्यासारखाच होतो. फरक एवढाच की, आपल्या अंगात पिसांचा कोट असतो आणि त्याच्या अंगात बहुधा नसतो.

मंडळी, आता मुख्य मुद्दा. उंचीचा आजार सुरुवातीला साधा दिसतो. डोके दुखते, मळमळते, झोप येत नाही. त्या वेळी थांबले तर बहुधा दोन दिवसांत उतरतो. वर चढत राहिले तर छातीत किंवा मेंदूत पाणी साचते. सरळ रेषेत पावलापुढे पाऊल टाकता येईनासे झाले, किंवा बसल्या जागी धाप लागू लागली, की त्याच घटकेला खाली उतरणे हाच उपाय. औषधे आहेत, ती डॉक्टरांना विचारून बरोबर ठेवावीत. पण ती उतरण्याच्या ऐवजी नाहीत. १९७३ साली स्थापन झालेली हिमालयन रेस्क्यू असोसिएशन ही संस्था हंगामात याच वाटेवर फेरिचे येथे दवाखाना चालवते आणि तिथले डॉक्टर हेच सांगतात. तगडा जवान यातून सुटतो असेही नाही. उलट पुष्कळदा तोच आधी सापडतो, कारण तो भरभर चढतो.

मग इतका सोपा उपाय असता माणसे मरतात का? आमच्या अनुभवाने आम्ही सांगतो, माणसे आजार लपवतात म्हणून. प्रवासी लपवतो, कारण पैसे भरलेले असतात, रजा संपत आलेली असते आणि गावात सांगून निघालेला असतो. हमाल लपवतो, कारण बसला तर त्या दिवसाची रोजी बुडते. आमच्या कारखान्यांत तापाने फणफणलेला बदली कामगार पाळीवर उभा राहतो, तो शूर म्हणून नव्हे. चूल पेटायची असते म्हणून.

१९९७ साली नेपाळात वीस वर्षांचा एक हमाल उंचीच्या आजाराने पडला. त्याचा हिशोब चुकता करून त्याला एकट्याला खाली धाडण्यात आले, आणि दीडएक दिवसात तो मेला. त्या घटनेतून परदेशी डॉक्टर आणि गिर्यारोहक यांनी हमालांच्या संरक्षणासाठी एक आंतरराष्ट्रीय मंडळ काढले. त्यांच्या मागण्या वाचल्या तर कोणत्याही युनियनच्या मागणीपत्रासारख्या वाटतील: हवामानाला साजेसे कपडे, रात्री निवारा आणि जेवण, औषधपाणी, विमा, बेताचे ओझे, आणि आजारी माणसाला एकटे न सोडणे. त्यानंतर १८ एप्रिल २०१४ रोजी एव्हरेस्टच्या हिमप्रपातात सोळा नेपाळी कामगार गाडले गेले. सरकारने प्रथम घरटी चाळीस हजार नेपाळी रुपये जाहीर केले. वाचलेल्यांनी काम करण्यास नकार दिला आणि त्या बाजूचा हंगाम तिथेच थांबला. पुढे विम्याची किमान रक्कम दहा लाखांवरून पंधरा लाख नेपाळी रुपये झाली. न लढता मिळाली असती काय, याचे उत्तर आपणच द्या.

म्हणून आम्ही ठरवणाऱ्याशी करार केला तो लेखी केला, आणि त्यात चार कलमे घातली. हमालाची मजुरी आम्ही त्याच्या हातात पोचलेली पाहू. त्याचा विमा आधी दाखवावा. त्याचे कपडे आणि बूट निघण्यापूर्वी आम्ही पाहू. काठमांडूत कीप नावाची संस्था हमालांना उबदार कपडे देते, तिथून घेता येतात. आणि चौथे, जो आजारी पडेल, मग तो प्रवासी असो वा हमाल, त्याच्याबरोबर एक जण खाली उतरेल आणि हमालाची मजुरी ठरल्या शेवटच्या दिवसापर्यंत पुरी मिळेल. याचा जादा खर्च दर माणशी किती आला? आमच्या परतीच्या एका रात्रीच्या हॉटेलाइतकाही नाही.

त्या चौथ्या कलमाने काय झाले ते सांगतो. दिंगबोचेला दुसऱ्या सकाळी आमच्या दोन हमालांपैकी एक जण स्वतः होऊन आला आणि म्हणाला, रात्रभर डोके ठणकते आहे. त्याला भीती नव्हती म्हणून तो बोलला. एक साथीदार देऊन त्याला नामचेला उतरवला. तिथे त्याला बरे वाटले. आणि तो बोललेला पाहून आमचा एक फिटर, जो रात्री दोनदा ओकला होता आणि तोंडातून ब्र काढीत नव्हता, तोही बोलला. त्याच्यासाठी आम्ही राखीव ठेवलेला दिवस वापरला. शेवटी चौघांपैकी तिघे तळापर्यंत पोचलो. फिटर फेरिचेला थांबला आणि आमच्याबरोबर चालत परत आला. तो आज पुढच्या रांगेत बसला आहे.

तेव्हा आपल्यापैकी ज्यांचा बेत येत्या दिवाळीनंतरचा असेल, त्यांनी आताच सुरुवात करावी. आश्विन-कार्तिकात तिकडे आकाश स्वच्छ असते. चार महिने रोज चाला, सुटीच्या दिवशी गड चढा, डॉक्टरांकडून छाती तपासून घ्या. पाच हजार मीटरच्या वरचा आणि हेलिकॉप्टरचा खर्च विम्यात आहे की नाही, हे बारीक अक्षरांत वाचा. बेताच्या कागदावर पहिल्यांदा विश्रांतीचे दिवस लिहा आणि उरलेल्या दिवसांत चाल बसवा. सहलवाल्याला भाव विचारण्याआधी हमालाची मजुरी विचारा. तो उत्तर द्यायला अडखळला, तर दुसरे दार ठोठवा. आणि निघण्यापूर्वी सगळ्यांना एकत्र बसवून सांगा की, "डोके दुखते" असे जो प्रथम म्हणेल त्याला कुणी हसणार नाही.